कॅराबिनर, कप्पी आणि फांदीवरचा दुप्पट भार

१/ झाडावर दोराने चढणाऱ्या कामगाराच्या कमरेला आज जो कॅराबिनर दिसतो, त्याचे मूळ घोडदळात आहे. युरोपातील स्वार ‘कार्बाइन’ ही आखूड बंदूक खांद्यावरच्या पट्ट्याला स्प्रिंगच्या आकड्याने अडकवीत. त्या आकड्याच्या जर्मन नावावरून ‘कॅराबिनर’ हा शब्द आला.

२/ १९१० च्या सुमारास म्युनिकचा गिर्यारोहक ओटो हर्झोग याने अग्निशामक दलातील असाच आकडा कड्यांवर आणला, असे गिर्यारोहणाचा इतिहास सांगतो. बंदूक तोलणाऱ्या कडीवर आता माणसाचा जीव तोलला जाऊ लागला.

३/ ही कडी लांबीच्या दिशेने बळकट, आडव्या ताणाला मात्र दुबळी. गिर्यारोहणाच्या सामान्य कॅराबिनरसाठी युरोपीय मानक लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,००० किलो वजनाइतके बळ मागते. आडव्या ताणात किंवा गेट उघडे असताना केवळ ७. म्हणून फांदीच्या कडेवर टेकून वाकणारा किंवा आडवा फिरलेला कॅराबिनर धोक्याचा.

४/ कप्पीचा इतिहास याहून कितीतरी जुना. तिचा हिशेब विहिरीवर समजतो. १५ किलोची बादली वर धरून ठेवण्यास तेवढाच जोर खाली लावावा लागतो. बादली आणि हात दोन्ही खाली ओढतात, त्यामुळे कप्पीच्या आडव्या तुळईवर ३० किलोंचा भार येतो.

५/ झाडावर तुळईची जागा फांदी घेते. दोर फांदीवरच्या कप्पीतून नेऊन दुसरे टोक बुंध्याशी बांधले, तर ८० किलोच्या माणसामुळे फांदीवर सुमारे १६० किलोंचा भार येतो. हिसका बसला तर त्याहून अधिक. दोर थेट फांदीलाच बांधला, तर ती ८० किलोच पेलते. सालीवरचे घर्षण बुंध्याकडच्या पदराचा ताण काहीसा घटवते. कप्पी ते घर्षणच जवळजवळ काढून टाकते. चढणे सुकर होते, फांदीची परीक्षा कठीण होते.

६/ हे ज्ञान नियमांत उतरण्यास मात्र एक मृत्यू कारण ठरला. १९६० च्या दशकात अमेरिकेत एक तरुण वृक्षकामगार कामावर दगावला. त्याच्या आईने सुरक्षा-मानकाच्या मागणीसाठी चिकाटीने पत्रे लिहिली. १९७२ मध्ये ‘झेड १३३’ हे वृक्षकामाचे पहिले अमेरिकी मानक प्रसिद्ध झाले.

७/ त्याच मानकाच्या अलीकडच्या आवृत्त्यांनुसार चढणाऱ्याचा कॅराबिनर आपोआप मिटणारा व आपोआप कुलूपबंद होणारा हवा. तो उघडण्यास किमान दोन हेतुपुरस्सर क्रिया लागाव्यात, म्हणजे दोर किंवा साल घासून गेट चुकून उघडणार नाही. एका आईच्या पत्रांपासून सुरू झालेले ते मानक आजही सुधारले जाते.