राज्यपाल (भारत): पदावधी व अधिकार

राज्यपाल हा भारतातील घटकराज्याचा घटनात्मक प्रमुख असतो. राज्याची कार्यकारी सत्ता राज्यघटनेच्या कलम १५४ नुसार त्याच्या ठायी निहित असली, तरी प्रत्यक्ष कारभार मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक राज्यांचे राज्यपाल नेमण्याची तरतूद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने झाली.

नियुक्ती व पदावधी

राज्यपालाची नियुक्ती राष्ट्रपती करतात. त्यासाठी भारताचे नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षे पूर्ण असणे आवश्यक असते. पदावधी पाच वर्षांचा असल्याचे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कलम १५६ च्या पहिल्या खंडानुसार राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो आणि पाच वर्षांची मुदत या अटीच्या अधीन आहे. राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागत असल्यामुळे ही मर्जी वस्तुतः केंद्र सरकारची ठरते. राज्यपालासाठी महाभियोगाची तरतूद नाही. मुदत संपल्यावरही उत्तराधिकारी पदग्रहण करीपर्यंत तो पदावर राहतो.

केंद्रातील सत्तांतरानंतर जुलै २००४ मध्ये उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा व गोवा या राज्यांच्या राज्यपालांना दूर करण्यात आले. त्यासंबंधीच्या बी. पी. सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये असा निर्णय दिला की, राज्यपालाला कारण न कळवता दूर करता येते, परंतु सबळ कारण असलेच पाहिजे. केंद्राच्या धोरणाशी त्याचे विचार जुळत नाहीत एवढे पुरेसे नाही. कारण कळवण्याचे बंधन नसल्याने, मनमानी झाल्याचे प्रथमदर्शनी दाखवून देण्याचा भार मात्र दूर केलेल्या राज्यपालाकडेच राहतो.

अधिकार

मुख्यमंत्री व महाधिवक्ता यांची नियुक्ती, अधिवेशन बोलावणे, वटहुकूम काढणे, शिक्षेत माफी किंवा सूट देणे हे प्रमुख अधिकार होत. विधेयकाला राज्यपाल संमती देतो, ती रोखतो, धन विधेयक नसल्यास फेरविचारासाठी परत पाठवतो किंवा विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतो. कलम २०० मध्ये यासाठी निश्चित मुदत दिलेली नाही, त्यामुळे विधेयके रखडण्याचा वाद अनेक राज्यांत उद्भवला आहे.

एकाही पक्षाला स्पष्ट बहुमत नसेल किंवा सरकारच्या बहुमताविषयी शंका उपस्थित झाली, तर राज्यपालाच्या स्वेच्छाधिकाराला महत्त्व येते. बहुमताची कसोटी सभागृहातच लागली पाहिजे, हे एस. आर. बोम्मई खटल्यात १९९४ मध्ये स्पष्ट झाले. मात्र ती चाचणी केव्हा मागावी, यालाही मर्यादा आहेत. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. त्यासाठी त्यांच्यापुढे वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले. तरीही ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने पूर्वस्थिती आणता आली नाही.

याखेरीज कलम ३७१ (२) नुसार विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठीची विकास मंडळे आणि विकासनिधीचे समन्यायी वाटप यांबाबत महाराष्ट्राच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येते. ही मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली.