सोंग प्लेस्टेशनचं

2004 साली 'स्पायडर-मॅन 2' हा सिनेमा आला आणि सोबत त्याच नावाचा गेम. गेम खरं तर एकच नव्हता. एक प्लेस्टेशन 2, एक्सबॉक्स अशा कन्सोलसाठी, दुसरा डेस्कटॉपसाठी. नाव एकच, बनवणारे वेगळे, आणि आतला ऐवज तर अगदीच वेगळा. निगडीतल्या आमच्या घरी आला तो दुसरा. बाबांच्या दिवाळी बोनसमधून घेतलेल्या असेंबल्ड पीसीवर मी तो महिनाभर खेळलो आणि माझं असं मत झालं की स्पायडर-मॅन हा एकंदरीत परवानगी विचारून उडणारा माणूस असावा. जाळं टाकून झोका घ्यायचा, तोही गेमने हवेत आखून दिलेल्या ठरावीक जागीच.

मग एका गुरुवारी संध्याकाळी यमुनानगरमध्ये मित्राकडे गेलो. गुरुवार म्हणजे एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, म्हणजे बाबा घरी, म्हणजे मी बाहेर. मित्राकडे मामाने परदेशातून आणलेला प्लेस्टेशन 2 होता आणि त्यावर तोच, 'स्पायडर-मॅन 2'. अख्खं मॅनहॅटन मोकळं पडलेलं. जाळं खऱ्या इमारतीलाच चिकटायचं, आजूबाजूला इमारत नसेल तर चिकटायचं नाही. झोका कुठे सोडला यावर पुढची उंची आणि वेग ठरायचा. हे झोक्याचं गणित ट्रेआर्क कंपनीत जेमी फ्रिस्ट्रम यांनी बसवलं होतं. पीसीवरचा गेम 'फिझ फॅक्टर' नावाच्या दुसऱ्याच मंडळींनी केला होता. तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच कळलं, की आपल्याला ताक दिलंय आणि दूध कन्सोलवाल्यांकडे आहे.

घरी येताना सायबर कॅफेवाल्या दादाला विचारलं, "पीएस-टूची डीव्हीडी पीसीत घातली तर?" तो म्हणाला, "डीव्हीडी वाचेल रे, पण कळणार नाही." इतकं नेमकं उत्तर मला पुढे इंजिनिअरिंगलाही कुणी दिलं नाही.

प्लेस्टेशन 2 चा मुख्य प्रोसेसर, इमोशन इंजिन, सुमारे 295 मेगाहर्ट्झवर चालायचा. आमचा पेंटियम आकड्यांत त्याच्या कितीतरी पुढे होता. पण प्रश्न वेगाचा नव्हता, भाषेचा होता. इमोशन इंजिनला मिप्स घराण्याच्या आज्ञा कळतात, पीसीला एक्स86 घराण्याच्या. गेम म्हणजे शेवटी अशा आज्ञांची लांबलचक यादी. ती दुसऱ्या घराण्याच्या प्रोसेसरपुढे ठेवली, तर त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं.

हा पेच गेमच्याही आधीचा आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमचं 1401 हे यंत्र हिशेबाच्या कामासाठी जगभर बसलेलं होतं. कंपनीने 1964 मध्ये सिस्टिम/360 ही नवी मालिका जाहीर केली. यंत्र नवं, आज्ञा नव्या. पण 'जुने प्रोग्राम टाकून द्या' म्हटलं असतं तर गिऱ्हाइकाने विक्रेत्यालाच बाहेर टाकलं असतं. म्हणून नव्या यंत्राच्या पोटात अशी सोय केली, की 1401 साठी लिहिलेला प्रोग्राम आला की यंत्राने 1401 व्हायचं. या सोयीला, मालिका जाहीर होण्याआधीच, 1963 मध्ये आयबीएममध्येच नाव पडलं, एम्युलेटर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बरोबरी करणं, चढाओढ करणं. मराठीत कुणी 'अनुकारक' वगैरे म्हणतात, पण तो शब्द परीक्षेच्या पेपरातून उठून आल्यासारखा वाटतो. मला 'सोंग' बरा वाटतो. दारात बहुरूपी पोलिसाचा वेश करून येतो तेव्हा तो पोलीस नाही हे आपल्याला ठाऊक असतं आणि आपण हसून त्याला पैसे देतो. एम्युलेटरच्या सोंगात प्रेक्षक म्हणजे तो गेम, आणि त्याला शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नसतो.

हे मला उशिरा उमगलं, आणि उमगलं ते चाकणमध्ये, नोकरीवर. आमच्या लॅबमध्ये 'हिल'चे बेंच आहेत. हार्डवेअर-इन-द-लूप, पण एवढं लांब कोण बोलतो. बेंचवर गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, असतो, इंजिन नसतं. ईसीयूला मात्र ते कळू द्यायचं नाही. क्रँकच्या दातेरी चाकावर साठ दातांची जागा असते, त्यातले दोन मुद्दाम काढलेले. ईसीयू त्या फटीवरून क्रँक कुठे आहे ते ओळखतो. आम्ही त्याला हुबेहूब तसे स्पंद पाठवतो. 3000 आरपीएम दाखवायचे तर सेकंदाला पन्नास फेरे, म्हणजे 2900 स्पंद, आणि प्रत्येक फेऱ्यात बरोबर जागेवर फट. सोबत पाण्याचं तापमान, ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज, पेडल किती दाबलं ते. ईसीयू बिचारा इमानदारीने इंजेक्टर उघडायच्या आज्ञा देत राहतो. त्याच्या हिशेबाने गाडी घाटात आहे. प्रत्यक्षात ती टेबलावरही नाही.

पहिल्यांदा हा बेंच चालताना पाहिला तेव्हा मला इंजिन नाही, यमुनानगरचा तो टीव्ही आठवला.

आता एम्युलेटरच्या सोंगात चोरी किती, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर भोसरीच्या कुठल्याही लहान वर्कशॉपमध्ये मिळतं. गिऱ्हाईक झिजलेला पार्ट घेऊन येतं. ड्रॉइंग नाही, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मिस्त्री व्हर्नियर लावतो, मायक्रोमीटर लावतो, हार्डनेस बघतो, तो पार्ट जिथे बसतो ती जागा बघतो आणि सँपलवरून नवा बनवतो. त्याने ड्रॉइंग चोरलेलं नसतं, फिटिंग जुळवलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या कनेक्टिक्स कंपनीने 1999 मध्ये हेच केलं. तिचं 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' मॅकिंटॉशवर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम चालवायचं, आणि ते जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी व्यासपीठावरून दाखवलं. सोनीने दावा लावला. दावा पोकळ नव्हता. प्लेस्टेशनच्या चिपमधला बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना लागणारा मूळ प्रोग्राम, कनेक्टिक्सच्या लोकांनी काम करताना पुन्हा पुन्हा उतरवून घेतला होता. पण विक्रीला ठेवलेल्या मालात सोनीची एकही ओळ नव्हती. खालच्या कोर्टाने मनाई केली, अपील कोर्टाने 10 फेब्रुवारी 2000 रोजी ती उठवली. बायोस कसा वागतो हे समजून घेण्यापुरती नक्कल चालेल, असा निकाल. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्येही प्रोग्राम कसा चालतो हे पाहण्या-तपासण्याला मोकळीक आहे. गेमची डिस्क फुकट वाटायला मात्र ना तिकडे परवानगी आहे ना इकडे, आणि आमच्या लहानपणी रस्त्यावर मिळणाऱ्या सीड्यांचं समर्थन करायला मी बसलेलो नाही.

कोर्टात हरलेल्या सोनीने 2001 मध्ये ते व्हर्च्युअल गेम स्टेशन विकत घेतलं आणि बंद करून टाकलं. 'ब्लीम' नावाची दुसरी एक कंपनीही खटल्यांच्या खर्चात त्याच वर्षी बुडाली. त्यानंतर हे काम दुकानांतून उठून हौशी मंडळींच्या घरी गेलं. एकाने लिहायचं, दहांनी सुधारायचं, विकायचं कुणीच नाही.

प्लेस्टेशन 2 चं सोंग काढणारा 'पीसीएसएक्स2' याच काळातला, 2001-02 चा. पहिल्या प्लेस्टेशनचा एम्युलेटर लिहिणाऱ्यांनीच तो हाती घेतला. नुसती भाषा बदलायची असती तर काम लवकर उरकलं असतं. पण प्लेस्टेशन 2 मध्ये मुख्य प्रोसेसर, त्याच्या दिमतीला दोन व्हेक्टर युनिट, चित्र काढणारी वेगळी चिप, आणि कंट्रोलर, मेमरी कार्ड सांभाळायला चक्क पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर, असा सगळा बारदाना एकाच वेळी कामाला असतो. पीसीने एकट्याने या सगळ्यांची कामं करायची आणि तीही सेकंदाच्या साठाव्या भागात, साधारण सोळा मिलिसेकंदांत. तेवढ्यात उरकलं नाही तर गेम थांबत नाही, मंदावतो. 2008-09 च्या सुमारास मी पहिल्यांदा तो लावून बघितला. स्पायडर-मॅन मॅनहॅटनवरून झोका घेत होता, पण पवनेच्या पाण्यातून चालल्यासारखा, आणि संगीत बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखं ओढत होतं. आमच्या बेंचवर असा उशीर झाला तर ईसीयू लगेच फॉल्ट कोड नोंदवतो. गेम सोशिक असतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे मी तेव्हा ग्राफिक्स कार्डाच्या किमती बघत शिकलो.

हातातल्या पॅडचीही हीच तऱ्हा. पीसीवरचे नवे गेम एक्सबॉक्स 360 चाच पॅड ओळखायचे. आमच्याकडे क्वांटमचा यूएसबी पॅड, दिसायला थेट प्लेस्टेशनचा जुळा भाऊ, किंमत काही शे रुपये. मग 'एक्स360सीई' नावाचा छोटा प्रोग्राम घालायचा. तो विंडोजच्या गेमला सांगायचा की हा एक्सबॉक्सचाच पॅड आहे. म्हणजे रूप प्लेस्टेशनचं, सोंग एक्सबॉक्सचं आणि बिल क्वांटमचं.

प्लेस्टेशन 3 चा सेल प्रोसेसर इतका तऱ्हेवाईक होता की त्याचा एम्युलेटर 2011 मध्ये सुरू होऊनही बरीच वर्षं रांगत राहिला. 2009 चा 'इन्फेमस', विजेची ताकद अंगात आलेल्या माणसाचा गेम, पीसीसाठी कधी विक्रीला आलाच नाही. तो डेस्कटॉपवर बघायचा तर याच वाटेने.

मग 2013 मध्ये वेगळंच घडलं. प्लेस्टेशन 4 आला आणि त्याच्या पोटात एएमडीचा आठ कोअरचा एक्स86 प्रोसेसर निघाला. म्हणजे घराणं पीसीचं. हे चाकणच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. इथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात कुशाक, टायगून, स्लाव्हिया आणि व्हर्टस या चार गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर तयार होतात. दोन बॅज, दोन एसयूव्ही, दोन सेडान, सांगाडा एक. गेमवाले 'प्लॅटफॉर्म' हा शब्द कधीपासून वापरतात, पण प्लेस्टेशनच्या खाली खरोखर पीसीचाच सांगाडा आला तो प्लेस्टेशन 4 पासून. आता सोंगाची गरज उरली नाही, गेम रीतसर नव्या अंगावर बेतून घेणं सोपं झालं. याला पोर्ट म्हणतात.

सांगाडा एक असला तरी गाडी आपोआप नीट चालत नाही. 2015 मध्ये 'बॅटमॅन: अर्खम नाईट' कन्सोलवर झकास चालला आणि पीसीवर इतका अडखळला की काही दिवसांतच विक्री थांबवावी लागली. तो ऑक्टोबरअखेर परत आला. याउलट उट्रेख्टच्या निक्सेस या डच कंपनीचं काम. पोर्ट करणं हाच त्यांचा धंदा. 2021 मध्ये सोनीनेच ती कंपनी घेतली आणि 2018 साली प्लेस्टेशन 4 वर आलेला 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' 12 ऑगस्ट 2022 रोजी पीसीवर आला. कनेक्टिक्सला कोर्टात खेचणाऱ्या सोनीने तेवीस वर्षांनी आपला कोळी स्वतः डेस्कटॉपवर आणून सोडला. 30 जानेवारी 2025 ला त्याचा पुढचा भाग, 'स्पायडर-मॅन 2', हाही पीसीवर आला.

नाव वाचून मी क्षणभर थबकलो. पण तो वेगळा. 2004 चा तो यमुनानगरचा 'स्पायडर-मॅन 2' पीसीवर अजून रीतसर आलेला नाही. त्याला आजही सोंगच लागतं, आणि सोंगाला बायोस लागतो. तो नियमाने आपल्याच यंत्रातून काढायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो आणि एक प्लेस्टेशन 2 उचलला. लेन्स गेलेली, डिस्क वाचत नाही. विकणारा म्हणाला, "साहेब, चालत नाही हं, आधीच सांगतो." मेमरी कार्डावरून प्रोग्राम चढवून बायोस काढून घेतला. त्या गेमची जुनी डीव्हीडी पीसीच्या ड्राइव्हमध्ये घातली आणि एम्युलेटर लावला. झोका पूर्ण वेगाने गेला, पॅडवरचा अंगठा मात्र पूर्वीच्याच इमारतीवर चुकला.

ते खोकं आता मॉनिटरखाली ठेवलंय. उंची बरोबर जुळते.