लशीचे दुर्मीळ दुष्परिणाम आणि लाभ : वऱ्हाडातील अनुभव

लस घेतल्यावर क्वचित होणारी गंभीर इजा एका पारड्यात आणि तिच्यामुळे टळणारे आजार, अपंगत्व व मृत्यू दुसऱ्या पारड्यात ठेवून ती लस कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या परिस्थितीत द्यावी हे ठरवण्याची पद्धत. मांडीत गाठ येणे, रात्री ताप भरणे, लेकराने दोन दिवस किरकिर करणे हे नेहमीचे त्रास या हिशेबात येत नाहीत. नर्सबाई पॅरासिटामॉल देऊन त्यांची कल्पना आधीच देऊन ठेवतात. प्रश्न असतो तो लाखांत किंवा दहा लाखांत एखाद्याला होणाऱ्या इजेचा. ही तुलना एकदा करून कायमची निकालात काढता येत नाही. आजार किती पसरला आहे, घेणाऱ्याचे वय काय, दवाखाना किती लांब आहे, यांवर ती बदलत राहते. अमरावती व अकोला जिल्ह्यांत हे बदल थोड्या अंतरावर आणि थोड्या काळात पाहायला मिळतात.

२०२१ चा फेब्रुवारी : महाराष्ट्रात कोविडची दुसरी लाट ठळकपणे प्रथम दिसली ती विदर्भाच्या या पश्चिम पट्ट्यात. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती शहर व अचलपूर येथे आठवड्याची टाळेबंदी लागू झाली. अकोल्यासह विभागातील इतर जिल्ह्यांतही निर्बंध आले. अमरावतीचे नमुने जनुकीय तपासणीला गेले आणि पुढे ज्याला डेल्टा म्हटले गेले त्या कुळातील विषाणूच्या चर्चेत या शहराचे नाव देशभर आले. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची प्रयोगशाळा तेव्हा तपासण्यांच्या कामाला जुंपलेली होती. देशात आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण १६ जानेवारीला सुरू झाले होते. साठीच्या पुढच्यांना आणि ४५ च्या वरच्या सहव्याधी असलेल्यांना लस मिळू लागली १ मार्चपासून, म्हणजे इकडे लाट अंगावर आलेली असताना.

त्याच मार्चमध्ये युरोपातून बातम्या येऊ लागल्या. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर काही जणांच्या रक्तात गुठळ्या होत होत्या आणि त्याच वेळी प्लेटलेट घटत होत्या. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशील्ड’ नावाने बनवलेली होती. शरीरात प्लेटलेटमधील एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती प्लेटलेट चेतवतात आणि मेंदूच्या किंवा पोटाच्या शिरांत गुठळ्या होतात, अशी या विकाराची घडण आहे. तो लस घेतल्यावर साधारण चौथ्या दिवसापासून सहाव्या आठवड्यापर्यंत दिसतो. लशीनंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या राष्ट्रीय (एईएफआय) समितीने मे २०२१ मध्ये ४९८ गंभीर घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत गुठळ्यांची शक्यता असलेल्या २६ घटना होत्या, आणि समितीने दिलेले प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१ होते. त्याच निवेदनात ब्रिटनचे प्रमाण दहा लाखांमागे ४ आणि जर्मनीचे १० दिलेले होते.

हे आकडे आपल्या जिल्ह्यांवर बसवून पाहावेत. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या २८,८८,४४५ आणि अकोल्याची १८,१३,९०६, म्हणजे मिळून सुमारे ४७ लाख. एवढ्या सर्वांना एकेक डोस दिला असे धरले, तर भारतीय प्रमाणाने सुमारे ३, ब्रिटनच्या प्रमाणाने १९ आणि जर्मनीच्या प्रमाणाने ४७ जणांना हा विकार होईल. आपल्याकडे नोंदी कमी होतात हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच भारतीय आकडा दहापट वाढवून धरला तरी काय निघते ते पाहिलेले बरे : २९ च्या आसपास. दुसऱ्या पारड्यात, महाराष्ट्रात नोंदलेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे १.८ टक्के दगावले. दहा लाख नोंदलेल्या रुग्णांमागे हे १८,००० होतात.

मात्र हे दोन आकडे शेजारी ठेवून मोकळे होणे बरोबर नाही, आणि लसीकरणाचे प्रचारक ही चूक सर्रास करत आले. एक आकडा डोसमागचा आहे, दुसरा तपासणी होऊन नोंदलेल्या रुग्णांमागचा. लागण प्रत्येकाला होत नाही, आणि झालेल्यांपैकी कित्येकांची नोंदच होत नाही. त्यामुळे लागणीमागचा खरा मृत्युदर याहून बराच कमी असतो. शिवाय तो वयाप्रमाणे कमालीचा बदलतो. पासष्टीच्या माणसाला लस घेतल्याने होणारा फायदा इतका मोठा की गुठळीची शक्यता त्यापुढे नगण्य ठरते. पंचविशीच्या निरोगी तरुणाच्या बाबतीत, आणि साथ ओसरलेली असताना, अंतर बरेच घटते. ब्रिटनने याच गणिताने ७ एप्रिल २०२१ रोजी तिशीच्या आतल्यांना आणि ७ मे रोजी चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यावी असे ठरवले. तिथे तेव्हा साथ उतरणीला होती आणि पर्यायी लसही हाताशी होती. भारताने १ मेपासून अठराच्या पुढच्या सर्वांसाठी कोविशील्ड खुली केली, तेव्हा रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या. निर्णय दोन होते, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य होते.

एप्रिल २०२४ च्या अखेरीस, ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांत हा दुष्परिणाम क्वचित होऊ शकतो हे मान्य केल्याची बातमी आली आणि आपल्याकडे पुन्हा घबराट उडाली. खरे तर तज्ज्ञांनी ही गोष्ट २०२१ मध्येच जाहीर केली होती. तीन वर्षांपूर्वी डोस घेतलेल्याला त्या लशीमुळे आता गुठळी होण्याची भीती धरण्याचे कारण नव्हते, कारण तो काळ सहा आठवड्यांतच सरतो. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दलची शंका वेगळी, आणि ती तपासली गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १९ राज्यांतील ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयोगटातील अशा ७२९ मृत्यूंची २,९१६ जणांशी तुलना केली. लशीने धोका वाढल्याचे आढळले नाही. पूर्वी कोविडने रुग्णालयात दाखल होणे, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास असणे आणि अतिमद्यपान यांच्याशी मात्र संबंध दिसला.

नंतरचे आणि त्यामुळेचे : लस टोचल्यावर जे घडते त्याचे पाच प्रकार मानतात : लशीच्या अंगभूत गुणाने झालेले, तिच्या उत्पादनातील दोषाने झालेले, देणाऱ्याच्या चुकीने झालेले, सुईच्या धास्तीने झालेले आणि केवळ योगायोगाने त्याच वेळी घडलेले. लोक बहुधा पाचही एकाच खात्यात मांडतात. ३१ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील भांबोरा आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसी-कोपरी येथे पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांच्या तोंडात हातावर चोळायचे सॅनिटायझर गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवावे लागले. ती बरी झाली. पोलिओची कुपी बोटाएवढी असते. तिच्यावर वर्तुळात एक छोटा चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो, आणि चौकोनाचा रंग वर्तुळाइतका झाला की ती कुपी फेकायची असते. थेंब पाजण्यापूर्वी ही खूण पाहायची हा नियम आहे. तो पाळला असता तर सॅनिटायझरची बाटली मुलांच्या तोंडापर्यंत पोचणे शक्य नव्हते. दोष पोलिओच्या लशीचा नव्हता, पण गावोगाव बातमी गेली ती पोलिओच्या डोसाची.

अशा चुकीची सर्वांत गाजलेली घटना १९०२ ची. मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन पंजाबातील मुल्कोवाल गावी १९ जण धनुर्वाताने दगावल्यावर दोषी धरले गेले. सर्व मृत एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीकडे पुरावे बोट दाखवत होते, तरी हाफकिनना निर्दोष ठरायला १९०७ उजाडले.

योगायोगाचा प्रकार समजायला सर्वांत कठीण, आणि अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात तो सर्वांत जास्त छळतो. चिखलदरा व धारणी तालुक्यांत कुपोषण, न्यूमोनिया आणि हगवण यांनी बालके दगावण्याचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले आहे. समजा, एखाद्या भागात एक महिना ते एक वर्ष वयाची १०० बालके वर्षात दगावतात. या काळात बाळाला सहा, दहा व चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात अशी चार वेळा लस मिळते. प्रत्येक वेळेनंतरचे तीन दिवस धरले तर बारा दिवस होतात, म्हणजे त्या अकरा महिन्यांचा साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक भाग. सुईत नुसते पाणी असते तरी शंभरांतले तीन-चार मृत्यू टोचल्यानंतरच्या तीन दिवसांत पडतीलच. ज्या माउलीचे लेकरू गेले तिला हे गणित सांगून उपयोग नाही, आणि सांगूही नये; पण अशा घटनांचा तपास करणाऱ्या जिल्हा समितीला ते ठाऊक असलेच पाहिजे. जिथे बालमृत्यू जास्त तिथे लशीवर नाहक आळही जास्त येतो, आणि लशीची गरज नेमकी तिथेच अधिक असते. कुपोषित बाळाला लस देऊ नये हा समजही चुकीचाच आहे; आजार आधी त्यालाच गाठतो. २०२१ मध्ये कोविड लशीबद्दलच्या अफवा मेळघाटात पसरल्या, तेव्हा प्रशासनाने तिथल्या कोरकू भाषेतून समजावण्याचा मार्ग धरला.

आजार हटला की पारडे फिरते : देवीची लस ही जुन्या लशींत जरा आडदांडच. पहिल्यांदा टोचलेल्या दहा लाखांमागे एक-दोघांचा ती जीव घेई. देवीचा रोग झालेल्या दहांपैकी तिघे मरत, तोवर हे चालवून घेणे भाग होते. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. त्यानंतर तोच दहा लाखांमागचा एक मृत्यूही निष्कारण ठरला आणि टोचणी बंद झाली. पोलिओचे तेच. तोंडावाटे द्यायच्या थेंबांतील जिवंत, निर्बल विषाणूने सुमारे २७ लाख डोसमागे एखाद्या बालकाला लुळेपणा येतो. देशात २००९ मध्ये नैसर्गिक पोलिओचे ७४१ रुग्ण होते, तेव्हा थेंबांना तोड नव्हती. १३ जानेवारी २०११ नंतर रुग्ण नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये मृत विषाणूची सुई आली आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला गेला.

कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने चाळिशी ओलांडलेल्या वऱ्हाडी माणसाला आठवतात. मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या त्या सेम्पल लशीने मज्जासंस्थेला इजा होण्याचे प्रमाण काही पाहण्यांत काही शे जणांमागे एक, तर काहींत काही हजारांमागे एक इतके होते. आजची कोणतीही लस एवढ्या प्रमाणावर एक दिवसही टिकली नसती. पण रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून ती दशकानुदशके टिकली. पेशींवर वाढवलेली सुरक्षित लस परवडू लागल्यावर, डिसेंबर २००४ पर्यंत भारताने सेम्पल लशीचे उत्पादन थांबवले.

अंतराचा हिशेब : रोटाव्हायरसच्या पहिल्या लशीने दहा हजार बाळांमागे एखाद्याच्या आतड्यात आतडे शिरत असे, म्हणून अमेरिकेने ती १९९९ मध्ये मागे घेतली. नंतरच्या लशींत हा धोका लाखामागे एक ते सहा इतका खाली आला. २०१६ पासून वापरात आलेल्या रोटावॅकबाबत भारतातील मोठ्या पाहणीत असा संबंध आढळलाच नाही. लस येण्यापूर्वी या विषाणूच्या हगवणीने देशात वर्षाला सुमारे ७८,००० बालके दगावत असा अंदाज आहे. अमरावती शहरातल्या बाळाचे आतडे अडकले तर शस्त्रक्रिया काही तासांत होऊ शकते. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, आणि वाटेत घाट. म्हणजे तिथे दुष्परिणाम अधिक महाग पडतो. पण सलाईनही तितकेच दूर असल्याने हगवण त्याहून महाग पडते. लस घेतल्यावर बाळ कळ आल्यासारखे थांबून थांबून रडू लागले, हिरवी उलटी किंवा शीतून रक्त दिसले, तर रात्र काढू नये.

भरपाई : लशीचा लाभ सर्वांना वाटला जातो आणि दुर्मीळ इजा एकाच घराला सोसावी लागते. ब्रिटनने या कारणाने १९७९ मध्ये, चूक कोणाची हे न विचारता भरपाई देण्याचा कायदा केला. भारतात केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले की कोविड लशीमुळे झालेल्या मृत्यूची जबाबदारी सरकारवर येत नाही. कुटुंबाला दिवाणी न्यायालयात जाता येईल. ही भूमिका कायद्यात बसत असेल, पण घरोघरी आशाताई पाठवून लस घ्या म्हणणाऱ्या व्यवस्थेला ती शोभत नाही. सर्वोच्च न्यायालयानेच २ मे २०२२ च्या निकालात लशीची सक्ती करता येणार नाही असे म्हटले आणि प्रतिकूल घटनांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवण्यास सांगितले.

नोंद : गंभीर घटना घडल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याने २४ तासांत ती जिल्ह्याला कळवायची असते, पुढे जिल्हा समिती तपास करते आणि राज्य व राष्ट्रीय समिती कारण ठरवते. वाचकाने आपल्याकडून तीन गोष्टी कराव्यात : टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसावे, कारण तीव्र ॲलर्जी बहुधा त्याच वेळात उठते आणि ॲड्रिनॅलिन तिथे असते, लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे, आणि दुर्दैवाने काही विपरीत घडले, तर गावात कोणाला दोष देण्याआधी आरोग्य केंद्रात लेखी नोंद करायला लावावी व शवविच्छेदनाला नकार देऊ नये.