लोटण कबुतरे, पाण्याचा परळ आणि नगरचे खापरी नळ

१/
इ.स. १४९४. दख्खनच्या पठारावर सीना नदीच्या काठी मलिक अहमद निजामशहा आपल्या नव्या राजधानीचा पाया घालत होता. तेच अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. त्याच वर्षी ८ जून रोजी मध्य आशियातील फरगाणा खोऱ्यात, अखसीच्या किल्ल्यात, एक विलक्षण अपघात घडला. दरीच्या कडेवर बांधलेली कबुतरांची ढाबळ कोसळली आणि तिच्यासह उमर शेख मिर्झा हा राजा खाली पडून मरण पावला. त्याचा मुलगा बाराव्या वर्षी गादीवर आला. तो बाबर.

२/
शतकभराने या दोन घराण्यांची गाठ पडली. ऑगस्ट १६०० मध्ये बाबराचा नातू अकबर याच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला जिंकला. त्या वेढ्यांची आणि चांदबीबीची कथा सर्वांना ठाऊक आहे. हा थ्रेड मात्र त्या राजघराण्याच्या एका छंदाविषयी आणि तो छंद ज्यावर जगत होता त्या पाण्याविषयी आहे.

३/
अकबराला लहानपणी कबुतरांचा नाद होता. मोठेपणी त्याने तो सोडला आणि पुढे विचारपूर्वक पुन्हा स्वीकारला. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने या छंदासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. छंदाचे दरबारी नाव होते ‘इश्कबाजी’. दरबारात वीस हजारांहून अधिक कबुतरे होती आणि त्यांतील पाचशे ‘खासा’, म्हणजे बादशहाच्या खास पसंतीची होती. तुराण आणि इराणचे राजे भेटीदाखल कबुतरे धाडत, व्यापारीही उत्तम पक्षी घेऊन येत.

४/
या पक्ष्यांची किंमत रंगरूपाइतकीच कसरतीवर ठरे. ‘चर्ख’ म्हणजे उडता उडता पूर्ण गोल फिरणे. अर्धेच फिरले तर ते मोजत नसत. ‘बाजी’ म्हणजे पाठीवर होऊन, पाय वर करून झटक्यात उलटणे. खासा कबुतर पंधरा चर्ख आणि सत्तर बाज्या करी, असे अबुल फजल नोंदवतो. पूर्वी एका वेळी अकरा किंवा एकवीस कबुतरे उडवत. अकबराच्या काळी एकशे एक उडवू लागले.

५/
आणखी एक जात होती लोटण. हे कबुतर हलकेच हलवून जमिनीवर ठेवले की लोळू लागते आणि कोणी उचलून शांत करेपर्यंत थांबत नाही. ‘लोटांगण’ शब्दातला ‘लोट’ आणि या नावातला ‘लोट’ एकाच कुळातले. मराठी कानाला हे नाव परके वाटण्याचे कारणच नाही. हवेत कोलांट्या घेणाऱ्या कबुतराला आपल्याकडे ‘गिरेबाज’ असाही शब्द आहे.

६/
ही नोंद पुढे फार लांब पोहोचली. चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्याच प्रकरणात अकबराच्या वीस हजार कबुतरांचा उल्लेख केला. १८६८ च्या ग्रंथात त्याने लोटणचे वर्णन केले. त्याला भारतातून कबुतरांविषयीचे साहित्य पुरवणाऱ्यांत सर वॉल्टर इलियट होता. हा मद्रासचा सनदी अधिकारी तरुणपणी धारवाडकडच्या ‘दक्षिण मराठा मुलखात’ नोकरीला होता. माणसाने निवड करून पक्ष्याची सवयदेखील पिढ्यान्‌पिढ्या घडवता येते, याचा लोटण हा डार्विनच्या दृष्टीने बोलका पुरावा होता.

७/
आता मापांकडे वळू. अबुल फजल लिहितो की शंभर कबुतरांना दिवसाला चार शेर धान्य लागते, काहींना पाच आणि जोडी जमलेल्यांना साडेसात. उडणाऱ्या पक्ष्यांना केवळ बारीक भरड धान्य, इतरांना तांदूळ, डाळ, ज्वारी यांचे सात प्रकारचे मिश्रण. अकबरी शेर सुमारे ६३० ग्रॅमचा धरला तर एका कबुतराच्या वाट्याला सुमारे २५ ते ३० ग्रॅम धान्य येते. लहान चणीच्या कबुतराचे आजचे खाणे जवळपास तेवढेच आहे. मोजणारा माणूस जाणकार होता.

८/
साडेसात शेरांचे कारणही उघड आहे. कबुतराचे नर-मादी दोघेही पिल्लांना आपल्या गळ्याखालच्या अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा पदार्थ भरवतात. त्यासाठी अन्न जास्त लागते आणि पाणी त्याहून जास्त. कोरड्या दाण्यावर जगणाऱ्या या पक्ष्याला दिवसाला साधारण ३० ते ५० मिलिलिटर पाणी हवे. उन्हाळ्यात आणि पिल्लांच्या दिवसांत ही गरज वाढते.

९/
हा हिशेब अकबराच्या कबुतरखान्याला लावून पाहावा. वीस हजार पक्षी म्हणजे रोजचे ६०० ते १,००० लिटर पाणी. तीस लिटरची एक मशक धरली तर वीस ते तेहतीस मशका, तेही केवळ पिण्यासाठी. भांडी धुणे आणि पक्ष्यांची अंघोळ वेगळीच. छावणी हलली की कबुतरांच्या ढाबळी कहारांच्या खांद्यावर निघत आणि पक्षी वरून उडत सोबत येत. म्हणजे प्रत्येक मुक्कामी पाण्याचा प्रश्न नव्याने उभा राही.

१०/
पाणी ‘किती’ याहून ‘केव्हा’ हे अधिक महत्त्वाचे होते आणि आहे. कोंबडी चोचीत घोट घेऊन मान वर करते. कबुतर चोच बुडवून एका दमात पाणी ओढून घेते. पोटभर दाणा आणि त्यावर पाणी झाले की दाणा फुगतो, पक्षी जड होतो. असे कबुतर उंच जात नाही, कोलांटी घेताना सावरत नाही. म्हणून पाळणारे आधी उडवतात, मग दाणा-पाणी दाखवतात.

११/
उलट टोकही तितकेच घातक. तहानलेले कबुतर आकाशात टिकत नाही. दिसेल त्या डबक्यावर किंवा दुसऱ्याच्या गच्चीवर उतरते आणि कबुतरबाजीत दुसऱ्याच्या गच्चीवर उतरलेला पक्षी म्हणजे बहुधा गमावलेला पक्षी. दाणा पुरेसा झाला हे ओळखण्याची खूणही पाण्याशीच जोडलेली आहे. थव्यातले पहिले दोन-चार पक्षी दाणे सोडून पाण्याकडे वळले की जाणकार हात आखडता घेतो.

१२/
तिसरी गोष्ट स्वच्छतेची. कबुतरांच्या तोंडात आणि घशात पिवळट थर धरणारा एक रोग आहे. त्यामागचा सूक्ष्म जीव रिव्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये नोंदवला. तो सामायिक पाण्यातून एका चोचीतून दुसऱ्या चोचीत जातो, पण कोरडेपणात तग धरत नाही. म्हणून जुने पाणी ओतून देणे, परळ घासणे आणि उन्हात खडखडीत वाळवणे ही साधी शिस्तच पक्ष्यांचे जीव वाचवते. हे काम सूक्ष्मदर्शकावाचूनही करता येते. रोज करावे लागते, एवढेच.

१३/
मग एवढे पाणी राजवाड्यात, बागेत, पाखरांच्या परळापर्यंत येत कसे असे? याचे उत्तर ज्या शहरात नीट पाहता येते, ते अहमदनगर. हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. सीना बारमाही नाही. निजामशाहीने कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा भोवतालच्या गावांकडून शहरात पाणी आणले. त्यासाठी भाजलेल्या मातीचे नळ एकमेकांत बसवून, चुन्याने सांधून जमिनीखालून नेले. लोक त्यांना खापरी नळ म्हणतात.

१४/
या व्यवस्थेत ना बैल, ना मोट. उगम उंचावर, शहर खाली आणि मधला उतार बेताचा राखलेला. उतार जास्त झाला तर सांधे फुटतात, कमी झाला तर गाळ साचतो. अशा नळयोजनांत ठिकठिकाणी उभारलेल्या उच्छ्वासांतून हवा बाहेर पडे आणि पाण्याचा दाब आटोक्यात राही. शहरात पाणी हौदांत उतरे आणि तिथून वाटले जाई. किल्ल्यात मात्र वेढ्याच्या काळासाठी स्वतःच्या विहिरी होत्या. त्यांची नावे गंगा, यमुना, मछलीबाई आणि शक्करबाई.

१५/
या पाण्याचे सर्वात देखणे रूप म्हणजे फराहबक्ष महाल. सलाबतखानाच्या देखरेखीखाली तो १५८३ मध्ये पूर्ण झाला. याच सलाबतखानाची कबर आज ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून ओळखली जाते. महाल एका विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध उभा होता. बाहेरची उष्ण हवा पाण्यावरून आत येताना निवत असे. नगरच्या वैशाखात ही चैन केवळ त्या दूरच्या नळांच्या भरवशावर चालत होती.

१६/
योगायोग पाहा. कबुतरांच्या दाण्याचा शेरांत हिशेब ठेवणारा अबुल फजल १५९९ मध्ये स्वतःच दख्खनच्या मोहिमेवर आला. १६०२ मध्ये परतीच्या वाटेवर वीरसिंह बुंदेल्याच्या लोकांनी त्याला ठार केले. इकडे मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली, खडकी हे नवे शहर वसवले आणि तिथेही जमिनीखालून पाणी आणले. ती नहर-ए-अंबरी. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले. राजधानी हलली तरी नळ टाकण्याची विद्या सोबत गेली.

१७/
‘आईन’मध्ये कबुतरांची नावे आहेत. खासा थव्याचा म्होरक्या मोहना, त्याच्या वंशातले अश्की, परीजाद, अल्मास. नामांकित कबुतरबाजांचीही यादी आहे. कबुतरखान्यातील बहुतेक चाकर लष्कराच्या पगारपत्रकावर होते आणि प्याद्याला दरमहा २ ते ४८ रुपये मिळत, हेही कळते. पहाटे मशक वाहून आणणाऱ्या भिस्त्याचे किंवा कापूरवाडीच्या नळातला गाळ उपसणाऱ्या मजुराचे नाव मात्र कोणत्याही इतिहासप्रेमीच्या ओठांवर नाही. मोहनाच्या सत्तर बाज्या त्या भिस्त्याच्या खेपांवर उभ्या होत्या.

१८/
फराहबक्ष महाल आजही उभा आहे. भोवतीचे तळे कोरडे आहे. भिंती शत्रूने पाडल्या नाहीत. नळांची निगा थांबली आणि पाणी येईनासे झाले. पुढच्या वेळी तिथे गेल्यावर कमानींचे छायाचित्र घेण्याआधी तळ्याच्या कोरड्या पात्रात उतरावे आणि पाणी कोणत्या बाजूने येत असेल, ते शोधावे. आणि एखाद्या गच्चीवर कोणी परळ घासून उन्हात पालथा घालताना दिसला, तर त्याला कबुतरांविषयी अवश्य विचारावे. अबुल फजलने लिहिले त्यापुढचे तो सांगेल.