दोषार्पण आणि शेजाऱ्याचें देणें

प्राचीन इस्राएल लोकांच्या अर्पणांचें नांव निघालें कीं रक्त, अग्नि आणि धूर एवढेंच चित्र बहुधा डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु लेवीय ग्रंथांतील दोषार्पणाचा विधि पाहिला म्हणजे निराळीच गोष्ट दिसून येते. ज्यानें शेजाऱ्याची ठेव बुडविली, किंवा सांपडलेली वस्तु नाकारून खोटी शपथ वाहिली, त्याचा तो अपराध देवाविरुद्धहि मानीत. तरी त्याला एकदम मेंढा घेऊन वेदीपुढें जातां येत नसे. आधीं मूळ वस्तु परत करावयाची, वर तिचा पंचमांश भरावयाचा. १०० शेकेल बुडविले असल्यास १२० द्यावयाचे, आणि तेहि ज्याचें नुकसान झालें त्याच्याच हातीं. मेंढा त्यानंतरचा.

भावाच्या मनांत सल असेल तर अर्पण वेदीपाशींच ठेवून आधीं समेट करावा, असें येशू ख्रिस्तानें सांगितलें, तें या क्रमाला धरूनच होय. गालिलाहून यरुशलेमास पायीं आलेल्या यात्रेकरूला तें किती जड गेलें असेल!

इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें मंदिर जाळलें आणि तेथील अर्पणें बंद पडलीं. ख्रिस्ताचें बलिदान एकदांच व सर्वांसाठीं झालें, अशी ख्रिस्ती मंडळीची श्रद्धा असल्यामुळें तिला मेंढ्याची उणीव भासली नाहीं. परंतु शेजाऱ्याचें देणें त्यायोगें फिटलें, असें शुभवर्तमानांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. यरीहोचा श्रीमंत जकातदार जक्कय ह्यानें तर, ज्याला लुबाडिलें असेल त्याला पंचमांश नव्हे, चौपट परत देण्याचें कबूल केलें. मंदिर तेव्हां उभेंच होतें. पण त्या कथेंत मेंढ्याचा उल्लेख नाहीं.