कर्जाचा ‘सपाट’ दर आणि खरा दर

कमाई, खर्च, बचत आणि कर्ज या चार गोष्टींवर घराचे अर्थकारण उभे असते. कमाईतून खर्च वजा जाता उरते ती बचत. कर्ज म्हणजे उद्याच्या कमाईतून आजच केलेला खर्च आणि व्याज हे त्याचे मोल. चतुर्थीच्या तोंडावर दुचाकी, फ्रिज किंवा घरदुरुस्तीसाठी अनेक कुटुंबे कर्ज काढतात. त्या वेळी चौकशी होते ती बहुधा दोनच गोष्टींची : दर किती आणि हप्ता किती. दर कोणत्या रकमेवर आकारला जातो, हा महत्त्वाचा प्रश्न मात्र राहून जातो.

व्याज आकारण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली ‘सपाट दर’ अर्थात फ्लॅट रेट. हीत मुदत संपेपर्यंत मूळ कर्जाच्या संपूर्ण रकमेवर व्याज धरले जाते. दुसरी ‘घटती शिल्लक’ पद्धत. हीत प्रत्येक हप्त्यानंतर मुद्दल जितके कमी होते, तितके पुढील महिन्याचे व्याजही कमी होते.

समजा, १ लाख रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी १२ टक्के दराने घेतले. सपाट पद्धतीत वर्षाला १२ हजार याप्रमाणे व्याज ३६ हजार रुपये होते आणि मासिक हप्ता सुमारे ३,७७८ रुपये बसतो. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १९,६०० रुपये होते. दोन्हीकडे दर १२ टक्केच सांगितला जातो, तरी फरक १६ हजारांहून अधिक पडतो.

याचे कारण सरळ आहे. सपाट पद्धतीत शेवटच्या महिन्यात जेमतेम २,७७८ रुपये मुद्दल शिल्लक असते, तरीही त्या महिन्याचे व्याज १ लाखावरच, म्हणजे १ हजार रुपये आकारले जाते. घटत्या शिलकीच्या हिशेबाने या कर्जाचा खरा दर सुमारे २१ टक्के ठरतो.

ही तफावत ग्राहकाच्या लक्षात यावी, यासाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये निर्देश दिले. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व बिगर-बँक वित्तीय कंपन्यांनी नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे विवरण, करारापूर्वी देणे बंधनकारक आहे. व्याज, प्रक्रिया शुल्क आदी मिळून येणारा वार्षिक दर, म्हणजेच एपीआर, त्यात नमूद असतो. हे विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही.

सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार निबंधकांच्या देखरेखीखाली चालतात. तेथे व्याजाची पद्धत आणि हप्त्यांचे वेळापत्रक कर्जदाराने स्वतः लेखी मागून घेणे हिताचे ठरते.

पडताळणीसाठी एक साधी आकडेमोड पुरते. हप्त्याची रक्कम एकूण हप्त्यांनी गुणावी आणि त्यातून हाती प्रत्यक्ष पडलेली रक्कम वजा करावी. उरते ती कर्जाची खरी किंमत. दोन ठिकाणच्या समान रकमेच्या व मुदतीच्या कर्जांची तुलना जाहिरातीतील टक्क्यांवरून न करता या आकड्यावरून करावी आणि सही त्यानंतरच करावी.