पगार सोडलेला कवी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू डोंगरावर बसून पहिले धन्यवचन उच्चारतो, ते आत्म्याने दीन असलेल्यांसाठी. आम्हा नगरच्या ख्रिस्ती घरांत हे वचन पोरासोरांनाही पाठ असते. पण ते अंगाला लावून घेतलेला माणूस म्हटले की मला नारायण वामन टिळकच आठवतात.

कोकणातले ब्राह्मण, मराठीतले नामवंत कवी, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. मग नगरला अमेरिकन मराठी मिशनची नोकरी. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. त्यात बाप्तिस्मा झालेल्याचा वेगळा मान उरत नव्हता. मला हे पगार सोडण्याहून मोठे वाटते. पैशापेक्षा मान सोडणे जड असते.

ही दीनता घरच्यांना मात्र महागात पडली. हातातला पैसा गरजवंताला देऊन टाकायची टिळकांची सवय आणि त्यापायी झालेली संसाराची ओढाताण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. धन्यवचनांवर प्रवचन करणाऱ्याने ती पाने आधी वाचावीत, असे मला कळकळीने वाटते.

दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.